सहा आठवड्यांची बांधावरची शाळा



गळीत हंगाम आटोपला. टोळ्या आपापल्या गावी परतल्या, गव्हाण शांत झाली आणि शेतकी खात्याला जरा बसायला फुरसत मिळाली. या दिवसांत आम्ही या पानावर खोडव्याची जोपासना, पाचट कुजविणे, आडसालीची पूर्वतयारी असे विषय घेत असतो. या खेपेला जरा वेगळा विषय घेत आहोत, तो म्हणजे आपल्या घरातल्या मुलांची उन्हाळी सुटी. "उसाच्या माणसाने पोरांच्या सुटीत कशाला लक्ष घालावे?" असे कोणी म्हणेल. आमची विनंती एवढीच की शेवटपर्यंत वाचावे. यात ऊसही आहे आणि टनेजही आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. मुलगा नववीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. वडील कौतुकाने म्हणाले, "साहेब, पोरगं लई हुशार आहे. त्याला रानात आणतच न्हाय. म्हनलं, त्याला शिकू द्या." आम्ही मुलाला विचारले, "एकराचे गुंठे किती?" त्याने चटकन सांगितले, "चाळीस." मग विचारले, "हा समोरचा प्लॉट किती गुंठ्यांचा?" तो वडिलांकडे पाहू लागला. वडील म्हणाले, "दीड एकर आसंल की." कोणी मोजला आहे का, तर नाही. आजोबांनी दीड एकर म्हटले होते, तेच चालत आले.

मुलाने वर्षभर क्षेत्रफळाची गणिते सोडवली होती. पण घरातली टेप आणि घरचे रान यांची त्या गणिताशी गाठ कोणी घालून दिली नव्हती. आम्ही त्याच्या हाती टेप दिली. बांध, पाट, रस्ता आणि विहिरीची जागा सोडून प्रत्यक्ष उसाखालचे क्षेत्र निघाले ५१ गुंठे. म्हणजे दरवर्षी नऊ गुंठ्यांचे खत आणि बेणे जादा विकत घेतले जात होते. त्या प्लॉटचा ऊस निघाला होता ६० टन. घरात सगळे समजत होते एकरी ४० टन. प्रत्यक्षात पडला होता एकरी ४७ टन. ज्या घराला आपले खरे क्षेत्र माहीत नाही, त्याला आपले रान सुधारते आहे की बिघडते आहे हे तरी कसे कळावे?

त्या दिवशी आम्हांला एक गोष्ट पटली. पोराला रानापासून दूर ठेवले म्हणजे त्याचे शिक्षण होते, ही आपली समजूत बरोबर नाही. तसेच सुटी लागली की पोराला कामाला जुंपणे, हेही शिक्षण नव्हे. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे, तो आज सांगावयाचा आहे.

घरी शिकविणारी कुटुंबे काय करतात

आपल्या देशात आणि परदेशात काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवितात. पुण्या-मुंबईकडेही अशी कुटुंबे आहेत. याला होमस्कूलिंग म्हणतात. अशी मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावीची परीक्षा देऊ शकतात. ही संस्था १९८९ साली स्थापन झाली.

आपण आपली मुले शाळेतून काढावीत असे आम्ही बिलकूल म्हणत नाही. शाळा हवीच. पण या कुटुंबांची एक पद्धत सुटीपुरती उचलण्यासारखी आहे. ती मंडळी सकाळी गणित, दुपारी भाषा, संध्याकाळी विज्ञान असे तुकडे पाडीत नाहीत. ती एक विषय धरतात, समजा 'पाणी', आणि आठवडा-दोन आठवडे सगळे शिक्षण त्याच विषयाभोवती गुंफतात. पाणी मोजले की गणित झाले. पाणी कुठे मुरले हे पाहिले की विज्ञान झाले. विहीर कोणी खोदली हे आजीला विचारून लिहून काढले की भाषा आणि इतिहास झाला.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला, तोच पुढे बुनियादी शिक्षण म्हणून ओळखला गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला व पुढे कोसबाडला काम केले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मग आपली शाळा सुटीत बांधावर न्यायला काय हरकत आहे?

नियोजनाचे चार नियम

सुटी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे. त्यांचे नियोजन करताना पुढील चार गोष्टी सांभाळाव्यात.

१) आठवड्याला एकच विषय. पोरांना सगळेच एकदम दाखवू नये.

२) रोज एक मोजणी. टेप, घड्याळ, मापटे, वजनकाटा, यांपैकी काहीतरी रोज मुलाच्या हाती पडले पाहिजे.

३) एकच वही. शंभर पानी साधी वही पुरे. तारीख घालून रोज चार ओळी आणि एक आकडा. चित्र काढता आले तर उत्तमच.

४) आठवड्याच्या शेवटी त्या वहीवरून घराने एक निर्णय घ्यावा. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलाने काढलेला आकडा घराने मानला, तरच त्याला शिकण्याची गोडी लागते. "ठेव ती वही बाजूला, मला म्हाईत आहे" असे वडील एकदा म्हणाले की सगळे मुसळ केरात.

हे नियम आम्ही ठेच खाऊन शिकलो आहोत. पहिल्या वर्षी आम्ही गट ऑफिसला मुलांचे एक दिवसाचे शिबिर घेतले. फलक लावला, दोन तास भाषण केले, खाऊ वाटला. निम्मी पोरे पेंगत होती, निम्मी खाऊची वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी कोणाच्याही ध्यानात काही राहिले नव्हते. चूक आमचीच होती. रोज थोडे आणि स्वतःच्या हाताने, हे सूत्र आम्हांला त्यानंतर सुचले.

वेळ सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतर ठेवावी. मेच्या उन्हात दुपारी पोरांना रानात नेऊ नये. दिवसाला दीड-दोन तास पुष्कळ झाले. बाकी वेळ त्यांना हुंदडू द्यावे, आंबे खाऊ द्यावेत. सुटी ही सुटीच राहिली पाहिजे.

पहिला आठवडा : आपले रान

या आठवड्यात रान मोजावयाचे. साहित्य म्हणजे शंभर फुटी टेप, चार खुंट्या आणि सुतळी. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. असा एक गुंठा मुलांनी प्रथम सुतळीने आखून त्यात उभे राहून पाहावे. गुंठा डोळ्यांत बसला की एकर समजतो. मग सगळा प्लॉट मोजावा. रान वेडेवाकडे असेल तर त्याचे चौकोन आणि त्रिकोण पाडून बेरीज करावी. शेवटी सातबाऱ्यावरचा आकडा आणि टेपेचा आकडा शेजारी शेजारी लिहावा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण एक गुंठाच.

संध्याकाळी आजोबा-आजींजवळ बसावे. मोट कधी बंद झाली? वीज कधी आली? १९७२ च्या दुष्काळात घराने काय केले? पहिले गुऱ्हाळ कोणाचे? कारखान्याचा शेअर कोणी आणि कसा घेतला? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, तो १९५० च्या सुमारास. त्यानंतर गावोगाव शेतकऱ्यांनी दागिने मोडून, उसनवारी करून शेअर घेतले. आपल्या घरातली ही हकीकत नातवंडांच्या अक्षरात वहीत उतरली तर ती पुढे टिकेल. नाहीतर आजोबांबरोबर जाईल.

याच आठवड्यात चौथ्या आठवड्याची तयारी करावी. बेणेमळ्यातला एक चांगला ऊस आणून त्याच्या एक डोळ्याच्या कांड्या कराव्यात. बुडख्याकडच्या दहा, मधल्या दहा आणि शेंड्याकडच्या दहा अशा तीस कांड्या माती व कुजलेले शेणखत भरलेल्या तीस कपांत लावाव्यात. चहाचे जुने कागदी कप चालतात, बुडाला भोक मात्र पाडावे. कपांवर खुणा कराव्यात. कांड्या मोठ्यांनी कापाव्यात, आणि बेणेप्रक्रियेच्या औषधाला मुलांचा हात लावू देऊ नये. या प्रयोगाला त्याची गरज नाही.

घराचा निर्णय : यंदाचे खत आणि बेणे मोजलेल्या क्षेत्रावर घ्यावयाचे.

दुसरा आठवडा : माती

काचेची उभट बरणी घ्यावी. तिच्यात एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून झाकण लावून पाच मिनिटे हलवावी व ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती दिवसभर पाण्यात तरंगत राहते. दुसऱ्या दिवशी पट्टीने थर मोजावेत. नदीकाठची मळई, माळावरची मुरमाड आणि मधली काळी, अशा तीन बरण्या शेजारी ठेवल्या की कोणत्या रानाला पाणी किती दिवसांनी द्यावे हे पोर स्वतःच सांगते.

दुसरा प्रयोग मुरण्याचा. दोन्ही बाजू उघड्या केलेला पत्र्याचा डबा जमिनीत दोन बोटे ठोकावा. पत्र्याची धार लागते, म्हणून हे काम मोठ्यांनी करावे. त्यात लिटरभर पाणी ओतून ते किती मिनिटांत मुरते हे मुलांनी घड्याळ लावून पाहावे. पाचट कुजविलेल्या रानात आणि पाचट पेटविलेल्या रानात हाच प्रयोग करून पाहावा. त्यावर आम्ही इथे काही बोलत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तिसरे काम माती नमुन्याचे. तुटलेल्या उसाचे रान मोकळे झाले आहे आणि आडसाली लागण जुलैच्या मध्यापासून आहे, तेव्हा नमुना घ्यायला हेच दिवस चांगले. प्लॉटमध्ये नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा फूटभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यावी. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याची जागा टाळावी. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. असे करीत अर्धा किलो उरेपर्यंत जावे. सावलीत वाळवून पिशवीत चिठ्ठी घालावी : नाव, गट नंबर, तारीख, आधीचे पीक. चिठ्ठी मुलांनी लिहावी.

घराचा निर्णय : नमुना गट ऑफिसला पोचवायचा आणि खताची मात्रा अहवाल पाहून ठरवायची.

तिसरा आठवडा : पाणी

२०० लिटरचे बॅरल पंपाच्या तोंडाशी ठेवावे आणि ते भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. समजा ४० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर. एक एकरावर एक इंच पाणी उभे करायचे तर सुमारे १ लाख ३ हजार लिटर लागते. म्हणजे या पंपाला पावणेसहा तास. आता मुलांनी विचारावे, "बाबा, आपण एका पाळीला किती तास मोटर चालवतो?" आमच्या अनुभवात या प्रश्नावर पुष्कळ बाबा गप्प बसतात.

ठिबक असेल तर आणखी सोपे. तासाला ४ लिटरचा ड्रीपर सहा मिनिटांत ४०० मिलिलिटर पाणी देतो. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे बारा ड्रीपर निवडून त्यांखाली वाट्या ठेवाव्यात आणि सहा मिनिटांनी मापट्याने मोजावे.

गेल्या सुटीत आमच्या एका गटात सातवीतल्या मुलीने हे केले. सुरुवातीला ४०० निघाले, शेवटाला २३०. वडील म्हणाले, "तुझं मापटंच चुकलं असंल, बाई." ती हट्टाला पेटली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, पुन्हा तेच. मग वडिलांनी नळीचे शेवटचे टोक सोडले, तर गाळाचे तांबूस पाणी भसाभसा बाहेर आले. फिल्टर धुतला, नळ्या धुतल्या. चौथ्या दिवशी शेवटाला ३७० आले. त्या प्लॉटचा खालचा कोपरा तीन वर्षे बारीक राहत होता आणि घरात सगळे रानाला दोष देत होते. आज त्या घरात दर पंधरवड्याला ती मुलगी मोजते आणि वडील नळ्या धुतात.

पाऊस मोजायला सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी पुरे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस बाय तीस फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटरचा एक वळीव झाला तर साडेपाचशे लिटर पाणी वाहून जाते. हे गणित मुलांना जरूर करायला लावावे.

घराचा निर्णय : पाण्याच्या पाळीचे तास वहीत लिहून भिंतीवर लावायचे.

चौथा आठवडा : ऊस

आता ते तीस कप काढावेत. किती डोळे फुटले, कोणते आधी फुटले, हे मोजावे. शेंड्याकडचे कोवळे डोळे लवकर फुटतात आणि बुडख्याकडचे निबर डोळे मागे राहतात, असे बहुधा दिसेल. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचेच घ्या, असे आम्ही का सांगतो ते दहा भाषणांनी समजत नाही, पण तीस कपांनी समजते.

उसाच्या नावाचेही कोडे घालावे. 'को ८६०३२' यातला 'को' म्हणजे कोइमतूर. तिथली ऊस पैदास संस्था १९१२ सालची. ८६ म्हणजे १९८६ साल आणि ०३२ हा अनुक्रम. 'कोएम ०२६५' यात 'एम' महाराष्ट्राचा, आणि ०२ म्हणजे २००२. हा वाण पाडेगावच्या संशोधन केंद्राचा. ते केंद्र १९३२ पासून काम करीत आहे. आपण रोज ज्या उसात वावरतो, त्याच्या नावात त्याचे जन्मसाल दडलेले आहे हे कळले की पोरांचे डोळे चमकतात.

गणित असे : पाच फुटी सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर. एका रोपाला दहा चौरस फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे ४,३५६ रोपे. एका बेटात तोडणीला नऊ ऊस राहिले तर ३९,२०४ ऊस. एक ऊस अडीच किलोचा भरला तर एकरी ९८ टन. एक किलोचा भरला तर ३९ टन. मग मुलांनी घरच्या खोडव्यात शंभर फूट सरी चालावी आणि तुटाळ मोजावी. टनेज कुठे गळते हे त्यांना आपोआप दिसेल.

घराचा निर्णय : तुटाळीच्या जागी कपातली रोपे लावून नांग्या भरायच्या.

पाचवा आठवडा : पावती आणि हिशेब

हंगामाच्या सगळ्या वजनपावत्या डब्यातून काढाव्यात. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन हे तीन रकाने मुलांना समजावून द्यावेत. २४.८६० वजा ८.४१० बरोबर १६.४५० टन, अशी प्रत्येक पावती पडताळावी, तारखेप्रमाणे लावावी आणि बेरीज करावी. ती बेरीज खातेउताऱ्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर खुशाल गट ऑफिसला यावे. आपल्याच कारखान्याला हिशेब विचारण्यात संकोच नसावा. सहकारात तो सभासदाचा हक्क आहे.

दराचेही गणित करावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला होता आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे ११.२५ टक्के उतारा असेल तर क्विंटलला ३८९ रुपये ६० पैसे, टनाला ३,८९६ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. मग बेणे, खत, मशागत, पाणी, सोसायटीचे व्याज असा खर्च मांडून गुंठ्याला किती उरले ते काढावे. काही घरांत हा आकडा पाहून मन खट्टू होईल. तरी मुलांपासून तो लपवू नये. पुढे शेती करावयाची की नोकरी, हे त्यांनी ठरवायचे आहे. खरा आकडा पाहून ठरविलेले बरे.

घराचा निर्णय : पुढच्या हंगामाचा जमाखर्च मुलांच्या वहीत ठेवायचा.

ठरलेल्या दिवशी न येणारा पाहुणा : हुमणी

एका विषयाला आठवडा ठरविता येत नाही. पहिला चांगला वळीव झाला की त्या संध्याकाळी साधारण सात-साडेसातला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर पाला खायला गोळा होतात. तेव्हा हातातला विषय बाजूला ठेवून सगळ्या घराने झाडाखाली जावे. मोठ्यांनी फांद्या हलवाव्यात, मुलांनी बॅटरीच्या उजेडात पडलेले भुंगेरे मोजून डब्यात भरावेत, आणि मोठ्यांनी ते रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात बुडवावेत. एक मादी साधारण पन्नास-साठ अंडी घालते. शंभर भुंगेऱ्यांत निम्म्या माद्या धरल्या तरी अडीच हजार अळ्या कमी झाल्या, हे गणित पोरे तोंडी करतात. हीच अळी पावसाळ्यात उसाची मुळे खाते आणि बेट ओढले की हातात येते. एकट्याने हे काम साधत नाही. सगळ्या शिवारातल्या मुलांनी एकाच संध्याकाळी केले पाहिजे. पायांत बूट घालावेत. पहिल्या पावसाला साप-विंचू बाहेर पडतात.

सहावा आठवडा : घरसभा

शेवटच्या आठवड्यात नवे काही शिकवू नये. वही पूर्ण करावी आणि एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून ती मुलांकडून वाचून घ्यावी. पाच निर्णयांपैकी किती पाळले, हे मुलांनी विचारावे आणि मोठ्यांनी खरे सांगावे. आमच्या मते संबंध सुटीतली ही सर्वांत मोलाची संध्याकाळ.

जिवाची काळजी

हे मात्र कळकळीने सांगणे आहे. शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदावर पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्याला कुंपण करावे, आत दोर आणि टायर बांधून सोडावेत, आणि मुलांना एकटे कधीही जाऊ देऊ नये. विहीर, मोटरचा स्टार्टर आणि औषधाची खोली यांपासून त्यांना लांब ठेवावे. फवारणी झालेल्या रानात त्या दिवसांत प्रयोग करू नयेत. मोजणी चुकली तर परत करता येते.

सगळ्यांची मुले

आणखी एक गोष्ट. आपल्या वस्तीवर सालगड्याची मुले असतात. तोडणीला येणाऱ्या कुटुंबांपैकी काही जण हंगाम संपला तरी मागे राहतात. त्यांच्या मुलांची शाळा गावाकडे सुटलेली आणि इथे धड सुरू न झालेली असते. आपल्या मुलांबरोबर त्यांनाही बसवावे. वही-पेन्सिलीला फार पैसे पडत नाहीत. गेल्या वर्षी ड्रीपर मोजणाऱ्या मुलीबरोबर सालगड्याची मुलगी होती. ती पाचवीतून गळाली होती आणि तिला दशांशाचे गणित येत नव्हते, पण कोणत्या सरीला पाणी पोचत नाही हे तिनेच आधी सांगितले. 'तिथं कायम कोरडं असतं' म्हणाली. एकीने जागा दाखविली, दुसरीने आकडा काढला. जूनमध्ये घरमालकांनी तिला सोबत नेऊन शाळेत बसविले. उपक्रमातली ही गोष्ट आम्ही टनेजच्याही वर धरतो.

ज्या सभासदांना या सुटीत हे करून पाहावयाचे आहे त्यांनी गट ऑफिसात आमच्या माणसांना सांगावे. टेप, मापटे आणि माती नमुन्याच्या पिशव्या तिथे मिळतील. सुटी संपल्यावर मुलांनी वह्या घेऊन जरूर यावे. त्यांतले आकडे आम्हांलाही हवे आहेत, कारण आमच्या रजिस्टरातले पुष्कळसे क्षेत्र अजून नजरअंदाजाचेच आहे, हे कबूल करायला आम्हांला लाज वाटत नाही.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग